जुन्नर: वाट बदलली तेव्हा गावाची वाढ कुठे गेली

पुणे जिल्ह्याच्या वाढीची चर्चा सहसा पुणे, पिंपरी-चिंचवड आणि त्यांना लागून असलेल्या हिंजवडी, चाकण, वाघोली यांच्याभोवती फिरते. ती स्वाभाविक आहे, कारण २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेली, म्हणजे तीस टक्क्यांनी वाढली. याच दहा वर्षांत याच जिल्ह्यातल्या जुन्नर नगरपरिषदेची लोकसंख्या २४,७४० वरून २५,३१५ झाली. वाढ ५७५ माणसांची, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. पुण्यातली एखादी मोठी गृहरचना संस्था एका हंगामात याहून अधिक माणसे सामावून घेते. जुन्नर हे तालुक्याचे ठिकाण आहे, शिवनेरीच्या पायथ्याशी आहे, सातवाहनांपासून निजामशाहीपर्यंतच्या सत्तांनी ते महत्त्वाचे मानले आहे, आणि तरीही ते जवळपास आहे त्याच आकाराचे राहिले आहे. असे का घडले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

या प्रश्नाला दोन उत्तरे फार लवकर दिली जातात. एक, शासनाने दुर्लक्ष केले. दुसरे, तरुण मंडळी पोटापाण्यासाठी बाहेर गेली. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. माझ्या मते जुन्नरचा आकार समजून घ्यायचा तर आधी वाटा पाहाव्या लागतात: कोणत्या वाटेने माल आला, तो कोणत्या जनावराच्या पाठीवरून आला आणि पुढे चाकाने कोणती वाट धरली.

भूगोल: घाटमाथा आणि पठार यांच्या मधोमध

पुण्याहून जुन्नर रस्त्याने सुमारे ९५ किलोमीटर आहे. गाव समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंचीवर, कुकडी नदीच्या खोऱ्यात वसले आहे. नैर्ऋत्येला शिवनेरीचा डोंगर गावाला जवळजवळ टेकून उभा आहे, दक्षिणेला मानमोडीची रांग आहे, नदीपलीकडे उत्तरेला लेण्याद्री आहे आणि पश्चिमेकडे नजर टाकली तर सह्याद्रीची मुख्य धार दिसते. कुकडी या धारेजवळच, चावंड किल्ल्याच्या परिसरात उगम पावते. तिथून कोकणचा कडा हाकेच्या अंतरावर असूनही तिचे पाणी पूर्वेला वाहत घोड नदीला आणि पुढे भीमेला मिळते.

तालुक्याच्या पश्चिम आणि पूर्व टोकांमध्ये पावसाचा फरक एवढा मोठा आहे की एकाच तहसीलदाराच्या हद्दीत दोन वेगळे प्रदेश नांदतात. घाटघर, अंजनावळे या बाजूला पाऊस कोसळतो, भात पिकतो, महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे आणि रानातला हिरडा गोळा करून विकणे हे अनेक घरांचे रोख उत्पन्न आहे. पूर्वेला बेल्हे-आळ्याकडे गेले की पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा लागतो. जुन्नर गाव या दोहोंच्या मध्ये आहे. घाटावरून उतरणाऱ्याला भात आणि हिरडा देऊन ज्वारी-बाजरी, मीठ, कापड घेण्यासाठी जी जागा सोयीची पडेल, ती हीच. तालुक्याच्या बाजारपेठेचे स्थान ठरायला एवढे पुरेसे होते. पण साम्राज्यांच्या नजरेत भरण्यासाठी आणखी काहीतरी लागते, आणि ते नाणेघाटाने दिले.

या खोऱ्यात माणसाचा वावर किती जुना आहे, याची एक खूण तालुक्यातच बोरी बुद्रुक येथे कुकडीच्या काठावर आहे. तिथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो आणि त्याच्या सान्निध्यात पुराश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली आहेत. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. तिच्या वयाबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. गावाच्या लोकसंख्येशी त्याचा थेट संबंध नाही, पण इथले पाणी आणि आसरा माणसाने किती आधी हेरला होता, हे त्यातून कळते.

घाटाने घडवलेले गाव

जुन्नरच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर नाणेघाट आहे. कोकणात उतरणारी ही दगडात खोदलेली, पायऱ्या-पायऱ्यांची अरुंद नळी. खाली मुरबाडकडचा मुलूख आणि त्यापुढे कल्याण, सोपारा ही बंदरे. घाटाच्या माथ्याजवळ एक आयताकृती लेणे आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी आहे, गायींचे, घोड्यांचे आणि कार्षापण या त्या काळच्या नाण्यांचे आकडे आहेत. भारतातल्या संख्यांच्या लेखनाचा अभ्यास करणाऱ्यांना हे आकडे आजही महत्त्वाचे वाटतात. मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुळातल्या व्यक्तींचे पुतळे होते. पुतळे गेले, सिमुक, सातकर्णी, नागनिका ही नावे उरली आहेत. घाटाच्या तोंडाशी एक प्रचंड दगडी रांजण ठेवलेला आहे, जकात त्यात टाकली जाई असे परंपरा सांगते. एवढ्या निर्जन खिंडीत राजकुळाने आपले पुतळे आणि आपल्या दानाचा हिशेब कोरून ठेवावा, यावरूनच या वाटेवरची वर्दळ ध्यानात येते.

या वर्दळीचा पैसा जुन्नरच्या डोंगरांत साठला. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा या चार डोंगरांवर मिळून दोनशेहून अधिक लहानमोठी खोदकामे आहेत. लेण्याद्रीच्या तीस लेण्यांपैकी सातव्या क्रमांकाच्या विहारात गिरिजात्मज गणपती आहे. तुळजा लेण्यात बारा खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचे प्रार्थनागृह, आहे, तसे दुसरे शोधायला गेले तर फार फिरावे लागेल. लोकसंख्येच्या दृष्टीने मात्र या शिल्पांपेक्षा दात्यांचे लेख मोलाचे आहेत, कारण दोन हजार वर्षांपूर्वी या गावात कोण राहत होते याची ती शिरगणतीच आहे, अपुरी असली तरी. धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी, म्हणजे त्यांचा व्यावसायिक संघ, एक लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेले टाके, दान देते. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे लेख आहेत. एका लेखात वडालिका गावातली २० निवर्तने (जमीन मोजण्याचे त्या काळचे माप) जमीन करंजाची झाडे लावण्यासाठी नेमून दिली आहे. यवन म्हणवणारे दातेही आहेत, म्हणजे पश्चिमेकडून आलेले आणि इथे स्थिरावून बौद्ध संघाला दान देणारे लोक. सातवाहनांचे प्रतिस्पर्धी असलेल्या शक क्षत्रपांपैकी नहपान या राजाचा अमात्य (मंत्री) अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख मानमोडीवर आहे, त्यावरून काही काळ इथे क्षत्रपांचा अंमल होता हेही कळते. शेतकरी, कारागीर, सावकारी करणाऱ्या श्रेणी, परदेशी व्यापारी आणि राजाचा अधिकारी, एवढे सगळे ज्या वस्तीत एकत्र आहेत तिला खेडे म्हणता येणार नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने जुन्नरमध्ये केलेल्या उत्खननानेही सातवाहनकालीन नागरी वस्तीचा पुरावा दिला आहे.

वाट राखायची तर किल्ले हवेत. जीवधन अगदी नाणेघाटाच्या माथ्यावर आहे, मग चावंड, हडसर आणि शेवटी शिवनेरी. नकाशावर हे चार किल्ले पाहिले की ते जुन्नर ते नाणेघाट या वाटेवर बसवलेल्या चौक्यांसारखे दिसतात.

राजधानी येते आणि जाते

मध्ययुगात या वाटेवरून घोडे आले. अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी इ.स. १४७० च्या सुमारास चौल बंदरात उतरून जुन्नरला आला आणि पावसाळाभर इथे अडकला. विकण्यासाठी त्याने सोबत घोडा आणला होता. बहमनी सुलतानाचा इथला सुभेदार असदखान याने तो घोडा ताब्यात घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत मिळेल, वर सोन्याची नाणीही मिळतील, असे कळवले. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली तेव्हा घोडा सुटला. निकितिनने लिहून ठेवले आहे की चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल होता. जुन्नरचा आषाढ-श्रावण ज्याने पाहिला आहे त्याला हे वाक्य पटेल. घोड्यांच्या व्यापाराचे आणि त्यावर बसलेल्या सत्तेचे चित्र या एका प्रसंगात जितके स्पष्ट उमटते तितके ते फर्मानांत सापडत नाही.

त्यानंतर वीस वर्षांनी, १४९० मध्ये, जुन्नरचा अंमल असलेल्या मलिक अहमदने बहमनी सत्ता झुगारली आणि निजामशाही उभी केली. जुन्नर राजधानी झाले, पण थोड्याच वर्षांसाठी. नव्या सुलतानाने पूर्वेला मोकळ्या पठारावर अहमदनगर वसवले आणि दरबार तिकडे गेला. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने पुन्हा काही काळ इथून कारभार पाहिला, मग तो दौलताबादला गेला. दोन्ही वेळा राजधानी हलण्याचे कारण एकच दिसते. जुन्नर हे घाट सांभाळण्यासाठी उत्तम ठिकाण आहे, पण पठारावरचे राज्य चालवण्यासाठी ते फार कडेला पडते. पुढे महामार्गांच्या काळात याच कडेला असण्याची किंमत गावाला पुन्हा मोजावी लागली.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, हे महाराष्ट्रात सांगावे लागत नाही. लोकसंख्येच्या अभ्यासकाने मात्र १६५७ ची नोंद विसरू नये. तेव्हा जुन्नर मोगलांकडे होते आणि शिवरायांनी रात्रीतून दोराच्या शिड्या लावून पेठ लुटली. दोनशे घोडे आणि तीन लाख होन (सोन्याची नाणी) हाती लागल्याचे इतिहासात नमूद आहे. तट असलेली, घोड्यांची पागा असलेली आणि एवढी रोकड बाळगणारी पेठ म्हणजे त्या काळच्या पश्चिम महाराष्ट्रातले मोठे नगर. गावाजवळ हापूसबागेत सौदागर घुमट उभा आहे. व्यापाऱ्याची कबर म्हणून ओळखली जाणारी एवढी देखणी इमारत ज्या गावाबाहेर आहे, त्या गावात व्यापाऱ्याला काय मान होता हे वेगळे सांगायला नको.

या काळातला एक उद्योग पुण्याशी थेट जोडलेला आहे. जुन्नरी कागद मराठेशाहीच्या दफ्तरांत नाव कमावून होता. जुने तागाचे चिंध्या-दोर भिजवून, चुन्यात मुरवून, कुटून, नदीच्या पाण्यात धुऊन त्याचा लगदा केला जाई. गवताच्या बारीक चटईवर तो उचलून ताव पाडला जाई, भिंतीवर वाळवला जाई, खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटला जाई. पेशवाईत या कागद्यांतील काही कुटुंबे पुण्यात कसबा पेठेजवळ वसवली गेली, तो भाग आजही कागदीपुरा म्हणून ओळखला जातो. म्हणजे जुन्नरमधून पुण्याकडे माणसे आणि कसब जाण्याची प्रक्रिया अठराव्या शतकातच सुरू झाली होती. चाकणच्या कारखान्यांनी ती सुरू केली असे मानणे इतिहासाला धरून नाही.

चाकाची वाट

१८१८ नंतर राज्य बदलले आणि बारा वर्षांनी, १८३० मध्ये, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे पुण्याला जोडली गेली आणि १८६५ मध्ये थळघाटातून नाशिककडची रेल्वे घाटमाथ्यावर चढली. नाणेघाट या दोन रेल्वेमार्गांच्या बरोबर मध्ये राहिला. त्याच्या पायऱ्या बैलाच्या पाठीवरच्या गोणीसाठी आणि घोड्याच्या खुरासाठी ठीक होत्या. चाकासाठी तिथे जागाच नव्हती. दोन हजार वर्षे ज्या खिंडीने गावाला पोसले ती एका पिढीत आडवाट झाली. या प्रकरणातला निर्णायक क्षण माझ्या दृष्टीने हाच आहे. राजधानी गेल्यावरही जुन्नर व्यापारी नगर म्हणून टिकले होते, पण घाटाची वाट थंडावल्यावर त्याचे रूपांतर तालुक्याच्या बाजारगावात झाले. कागदाचा धंदाही गिरणीच्या कागदापुढे टिकला नाही.

१९०१ च्या जनगणनेत जुन्नरची लोकसंख्या ९,६७५ भरली. दुष्काळ आणि प्लेग यांनी पोळलेल्या दशकाचा तो आकडा आहे, त्यामुळे तो कमीच असणार हे लक्षात ठेवले पाहिजे. त्याच वर्षी छावणीसह पुणे शहर १,५३,३२० होते, म्हणजे जुन्नरच्या सुमारे सोळा पट. २०११ मध्ये पुणे महानगरपालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर गेली होती आणि हे प्रमाण सव्वाशे पटींच्या घरात पोहोचले. एकशे दहा वर्षांत जुन्नर अडीच पटींहून थोडे अधिक वाढले. ते ओस पडलेले नाही, आक्रसलेलेही नाही. भोवतालचा जिल्हा ज्या वेगाने धावला त्या वेगाने ते धावले नाही, एवढेच.

विसाव्या शतकातल्या रस्त्यांनी आधीचीच रेघ गडद केली. पुणे-नाशिक महामार्ग नारायणगावावरून जातो, जुन्नरपासून सुमारे १५ किलोमीटर पूर्वेला. माळशेज घाटातून येणारा कल्याण-नगर महामार्ग ओतूरवरून जातो. हे दोन्ही मार्ग आळेफाट्याला एकमेकांना छेदतात. तालुक्यात दोन राष्ट्रीय महामार्ग आहेत आणि तालुक्याचे ठिकाण दोन्हींवर नाही! त्यामुळे टोमॅटोचा मोठा बाजार नारायणगावला भरतो, ट्रकची वर्दळ आळेफाट्याला असते, आणि जुन्नरकडे तहसील, न्यायालय, वनविभाग, महाविद्यालय आणि आठवडे बाजार राहतो. कचेरीच्या कामाला लोक सकाळी येतात आणि दुपारच्या एस.टी.ने परत जातात. अष्टविनायकाचे यात्रेकरूही ओझरहून लेण्याद्रीला आणि तिथून पुढच्या गणपतीला निघतात. मुक्कामासाठी गावात थांबणारे त्यांत थोडे.

पाणी, ऊस आणि शांतता

शेतीच्या बाजूने पाहिले तर तालुक्याचे रूप १९७० नंतर पालटले. कुकडी प्रकल्पातली येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही धरणे याच तालुक्यात आहेत. त्यांच्या पाण्याचा मोठा वाटा कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि थेट करमाळ्यापर्यंत जातो, आणि आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) कधी सोडायचे यावरून दरवर्षी ताण निर्माण होतो. धरणांत जमिनी आणि गावे गेली ती इथली, हे इथल्या माणसाचे म्हणणे रास्त आहे. तरीही नदीकाठाला उपसा सिंचन आले, ऊस, द्राक्षे, भाजीपाला आला, आणि त्याचबरोबर वस्तीची रचना बदलली. गावठाणातले घर सोडून कुटुंबे मळ्यात राहायला गेली. उसाच्या फडात बिबट्या राहू लागला, त्याच फडाच्या बांधावर माणसाचे घर आहे आणि विजेच्या वेळापत्रकामुळे रात्री मोटार चालू करायला बाहेर पडावे लागते. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभे राहिले आहे, पण प्राण गमावलेल्या लेकरांच्या घरांना त्याचा काय आधार? लोकसंख्या गावठाणात एकवटण्याऐवजी मळ्यामळ्यांत पसरली की धोका, वीज, रस्ता आणि शाळा या सगळ्यांचे गणित बदलते, आणि जुन्नर तालुक्यात ते ठळकपणे दिसते.

कारखानदारी मात्र इथे फारशी आली नाही. चाकण-रांजणगावच्या पट्ट्यापासून हे खोरे दूर आहे, हे एक कारण. दुसरे कारण खोडदला आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची विशाल मीटर तरंगलांबी रेडिओ दुर्बीण तिथे आहे. डोंगरांनी वेढलेला, रेडिओलहरींचा गोंगाट कमी असलेला प्रदेश म्हणून ही जागा निवडली गेली, आणि तो गोंगाट वाढू नये म्हणून भोवतालच्या उद्योगांवर बंधने आहेत. विज्ञानासाठी ही मोलाची गोष्ट आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. परंतु ज्या तरुणाला भोसरीला जाऊन खोली घ्यावी लागते त्याला या बंधनांचा मोबदला कोणत्या रूपाने मिळतो, हा प्रश्न विचारणे गैर ठरू नये. मुंबईत डबे पोहोचवणाऱ्यांत मावळ, खेड, आंबेगाव यांच्याबरोबर जुन्नरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत ती आहेत. त्यांची शेती, जत्रा आणि मतदान अनेकदा गावी असते, जनगणनेत मात्र ती मुक्कामाच्या ठिकाणी मोजली जातात.

आकड्याकडे कसे पाहावे

५७५ या आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तो नगरपरिषदेच्या हद्दीतला आहे. हापूसबाग, बारव यांसारखी गावे जुन्नरला लागून आहेत, पण त्यांची गणना ग्रामीण लोकसंख्येत होते. जुन्या पेठांतली घरे दाटीवाटीची, वाटण्या होऊन लहान झालेली, शिवाय एका बाजूला शिवनेरीचा डोंगर. नवे घर बांधायचे तर माणूस हद्दीबाहेरचा मोकळा प्लॉट बघतो. म्हणून नगरपरिषदेची वाढ जवळपास थांबली आणि जुन्नर या वस्तीची वाढ थांबली, ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले सिद्ध आहे. दुसऱ्यासाठी लगतच्या गावांचे आकडे एकत्र मांडावे लागतील.

२०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. लेणी, किल्ले, घाट, धरणांचे जलाशय आणि दुर्बीण एवढे सगळे एका तालुक्यात आहे, त्यामुळे निर्णय योग्यच आहे. तो गावाच्या उपयोगी पडायचा असेल तर येणारा माणूस गावात रात्र काढेल अशी सोय हवी: पेठेतल्या जुन्या वाड्यांत निवास, लेण्यांचे लेख वाचून दाखवू शकणारे स्थानिक मार्गदर्शक आणि नाणेघाटापर्यंत नियमित एस.टी. हे सगळे घाटमाथ्यावर किंवा महामार्गाकडेच्या हॉटेलांत झाले, तर नगरपरिषदेच्या करवसुलीत त्याचा एक रुपयाही दिसणार नाही.

२०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे २०११ चेच आकडे आजवर सगळ्या आराखड्यांना पायाभूत आहेत. पुढच्या गणनेचे तक्ते हाती येतील तेव्हा जुन्नर नगरपरिषद, तिला लागून असलेली गावे, महामार्गावरची नारायणगाव, ओतूर आणि आळे ही गावे, आणि पश्चिमेकडची आदिवासी गावे असे चार गट करून ते वाचावे लागतील. पाणीपुरवठा, दवाखाना आणि शाळा यांचे नियोजन आज नगरपरिषदेच्या हद्दीपुरते पंचवीस हजारांसाठी होते, प्रत्यक्षात त्या सोयी सुमारे चार लाखांच्या तालुक्यातला मोठा भाग वापरतो. सरकारी दवाखान्याच्या दारातली सोमवार सकाळची रांग त्या दुसऱ्या आकड्याची असते.